नवव्या मजल्याची चावी

"एकोणीस मिनिटं उशीर," मोठे साहेब म्हणाले आणि तिच्या नावाच्या कागदावर त्यांनी ते लिहूनही टाकलं.

ती समोरच्या खुर्चीत बसली. केसांत जळमट, बाहीवर धुळीचा पट्टा, तळवे काळे. नव्याकोऱ्या कुर्त्याची अशी दशा करून मुलाखतीला येणारी बाई या नवव्या मजल्याने पाहिली नव्हती. चेहरा मात्र असा, की उशीर या लोकांनाच झालाय आणि तिने मोठ्या मनाने तो चालवून घेतलाय.

ऑफिसात तिला मागून 'काडेपेटी' म्हणत. समोर म्हणायची कोणाची छाती नव्हती. कंपनीने कुठल्याही कारखान्याचा आगीचा विमा उतरवण्याआधी ती तिथे जाऊन पाहणी करायची. मालक चहा मागवायचा, कौतुकाने नवी यंत्रं दाखवायला निघायचा. ती म्हणायची, "मागचं दार दाखवा." दाराला कुलूप दिसलं की विमा नाही. मग मालक कोणाचा कोण का असेना. सोळा वर्षांत तिने कोणाची भीडभाड ठेवली नाही, म्हणून पाहणी विभागाच्या प्रमुखाची जागा दोनदा हातची गेली. दोन्ही वेळा शेरा एकच: काम चोख, बोलणं फटकळ.

ही तिसरी खेप होती आणि नियमाप्रमाणे शेवटची. सकाळी सासूबाई मुद्दाम दारापर्यंत आल्या होत्या. "आज तरी विचारतील तेवढंच बोल गं बाई," असं त्यांनी दोनदा बजावलं. तिने मान डोलावली होती. ती जागा तिला हवी होती, अगदी मनापासून हवी होती. त्या कामात आपल्याइतकं कोणाला कळत नाही याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

टेबलापलीकडे तिघं होते. मधे मोठे साहेब, डावीकडे कर्मचारी विभागाच्या बाई, उजवीकडे प्रशासन सांभाळणारे साहेब. या तिसऱ्यांचं सगळं लक्ष बिस्किटांच्या बशीवर होतं.

पहिले चार-पाच प्रश्न तिने सहज परतवले. उत्तरं आखूड, आवाज खणखणीत. कर्मचारी विभागाच्या बाई मान हलवायला लागल्या. मोठे साहेबही सैलावले आणि खुर्चीत मागे रेलले.

"बरं, शेवटचा प्रश्न. आजवर तुम्ही पाहिलेली सगळ्यात धोक्याची इमारत कुठली?"

"ही," ती म्हणाली.

प्रशासनाच्या साहेबांचं बिस्कीट चहात बुडालं ते वर आलंच नाही.

"अहो मॅडम," मोठे साहेब हसले, "इथे आगीसाठी वेगळा जिना आहे. दर महिन्याला तपासणी होते. त्या कागदावर मी स्वतः सही करतो."

"सही पाहिली मी. खाली, इमारतीच्या मागे, जिन्याच्या दाराशेजारीच लावलीय. 'दार उघडं, जिना मोकळा.' दाराला बाहेरून हे एवढं कुलूप होतं, साहेब. आणि सहाव्या मजल्यावर नामंजूर दाव्यांचे गठ्ठे छातीपर्यंत रचलेले. मागचं दार बंद होतं म्हणून आपणच नामंजूर केलेले दावे."

सगळ्यांच्या नजरा प्रशासनाच्या साहेबांकडे वळल्या. ते चमच्याने बिस्कीट शोधत होते.

"लोक कामाच्या वेळात त्या जिन्याने बाहेर पळतात," ते पुटपुटले. "म्हणून आपलं एक कुलूप. पण चावी आहे ना! माझ्याच टेबलात आहे."

"मग आणा," ती म्हणाली आणि तिने मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

ते गेले. बाहेर खण उघडल्याचे, आपटल्याचे आवाज येत राहिले. तिसऱ्यांदाही जागा गेली, आता सासूबाईंना काय सांगायचं? पण विचारलं तेवढंच तर बोलले होते, असं तिने स्वतःला बजावलं आणि पाठ ताठ केली.

प्रशासनाचे साहेब घामाघूम होऊन परतले. हातात चाव्यांचा भलामोठा जुडगा होता. चाळीसेक चाव्या, एकीवरही चिठ्ठी नाही.

"यातलीच एक आहे," ते म्हणाले.

"सहा मिनिटं झाली. धूर इतका वेळ थांबत नाही."

मोठ्या साहेबांचं हसू मावळलं होतं. दाराबाहेर त्यांच्याच कंपनीची चारशे माणसं खाली मान घालून काम करत होती. त्यांनी त्या दाराकडे पाहिलं.

"आत्ता, या क्षणी आग लागली तर?" त्यांनी हळूच विचारलं.

"आत्ता लागली तर सगळे सुखरूप उतरतील." तिने पिशवीतून एक फुटकं कुलूप काढून टेबलावर ठेवलं. "वॉचमनची हातोडी मागून घेतली. गठ्ठे मात्र एकटीला सरकवावे लागले. त्यातच एकोणीस मिनिटं गेली."

मोठ्या साहेबांनी कुलूप हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग तिचा कागद पुढे ओढला आणि स्वतः लिहिलेल्या शेऱ्यावर आडवी रेघ मारली. कर्मचारी विभागाच्या बाईंनी नेमणुकीचा छापील कागद भरला आणि त्यांच्यासमोर सरकवला. साहेबांनी सवयीने पेन थेट खाली, सहीच्या जागी टेकवलं.

"साहेब," काडेपेटी म्हणाली, "आधी वाचून घ्या."