आमच्यात सगळ्यांच्या नॉर्मलच

लेकीचं नॉर्मल बाळंतपण ही जयमालाबाईंची जन्माची कमाई होती. डॉक्टर म्हणाल्या होत्या, "बाळ मोठं आहे, सिझरचाही विचार करा." पण बाईंनी क्षिप्राचा हात धरून ठणकावलं, "आमच्यात सगळ्यांच्या नॉर्मलच होतात." पुढे वाशीपासून उलव्यापर्यंतचा एकही नातलग त्यांनी हे ऐकवल्याशिवाय सोडला नाही.

काल सोसायटीत शेजारच्या छोट्या उन्नतीबरोबर दोरीवरच्या उड्या मारताना क्षिप्राची सलवार ओली झाली, तीही शेजारणींदेखत. आज आईकडे येऊन तिने वर्षभर लपवलेलं सगळं सांगून टाकलं. खोकलं की थेंब, हसलं की थेंब. नॉर्मल बाळंतपणानंतर हा त्रास जास्त जणींना होतो म्हणे. डॉक्टरांनी व्यायाम दिलाय, पण उद्याच मामेभावाचं लग्न, तिथे काय करायचं?

"त्यात रडतेस काय?" मेथी निवडता निवडता आई म्हणाली. "गडद साडी नेस. सकाळपासून पाणी पिऊ नकोस. हॉलमध्ये शिरलीस की आधी बाथरूम बघून ठेव. आणि फोटोत कुणी हसवलंच, तर पाय आवळून हस."

क्षिप्राचं रडणं थांबलं. "आई, तुला हे सगळं कसं माहीत?"

"घरात कार्य असलं की माझा निर्जळी उपास असतो, तो काय देवासाठी? तू झालीस तेव्हापासून चाललंय हे."

"मग माझ्या वेळी का नाही बोललीस?"

"अगं, बोलले असते तर तू सिझरच करून घेतलं असतंस!"