पाच खाचांची बाटली
दवाखाना गुंडाळून सुरतेला निघालेल्या डॉक्टरांनी पितांबर कंपाउंडरला सोबत बोलावलं होतं. पण सहकार व हिशेबाची सरकारी पदविका मिळाली, तर शहाद्यातच सोसायटीत नोकरी होती. धुळ्याला परीक्षेला निघताना बायकोनं, वत्सलाबाईनं, पाण्याची बाटली दिली. औषधाच्या बाटलीला लावतात तशी पाच खाचांची कागदी पट्टी तिला चिकटवलेली. “एक सवाल सुटना का एक डोस ल्यो. भिऊ नका.” पाच सवाल, पाच डोस; सुटलेल्या प्रत्येक सवालामागे एक. ताळेबंद काही केल्या जुळेना. घशाला कोरड पडली, तरी न सुटलेल्या सवालाचा डोस त्यानं घेतला नाही. घंटा झाली तेव्हा तीन डोस बाटलीतच होते. परतताना शहाद्याच्या स्टँडवर वत्सलाबाई दिसली, आणि त्यानं एसटीतच बाटली घटाघटा रिकामी केली. रिकामी बाटली पाहून ती हरखली. “पाची सुटनात! डॉक्टरले आतेच ‘नको’ सांगी येस,” म्हणत ती दवाखान्याकडे वळलीसुद्धा. पितांबरच्या घशाला पुन्हा कोरड पडली होती.