बसता न येणारी ड्रायव्हर

"झोपू नका, उभ्याच राहा. आणि जोरात खोका," सर्जनबाई म्हणाल्या.

बसची ड्रायव्हर बुचकळ्यात पडली. आजवर प्रत्येक डॉक्टरने तिला आडवं करूनच तपासलं होतं. स्कॅनही आडव्यानेच. आडवी झाली की सगळं ठीक, आणि स्टिअरिंगसमोर बसली की बुडाखाली दगड ठेवल्यासारखी कळ. डेपोत थट्टा चालायची, हिचं काम बसून खायचं, अन् हिला बसवतच नाही! आता साहेबांनी निर्वाणीचं सांगितलं होतं. दुखणं सापडलं नाही, तर बस कायमची काढून घेणार. आणि बसवर तर तिचा जीव होता.

ती खोकली. सर्जनबाई तिच्यामागे गुडघे टेकून बसल्या होत्या. त्यांच्या बोटांना कुल्ल्याच्या आतल्या कडेला मऊ फुगवटा लागला. तिला आडवं केलं तर तो गुपचूप आत पळाला.

"हे सोंग नाही, हर्निया आहे. ओटीपोटाला खालून तोलणारा स्नायू फाटलाय, तिथून आतडं उतरतंय. क्वचितच कुणाला होतो."

ड्रायव्हर ढसाढसा रडली. आपण खोटं बोलत नव्हतो, एवढंच तिला कुणाकडून तरी ऐकायचं होतं.

ऑपरेशनचं दोघींनी दार लावून ठरवलं. ड्रायव्हरचा नवरा बाहेरच थांबला. सुई पाहिली तरी त्याला घेरी येते.

ऑपरेशनच्या दिवशी सर्जनबाईंनी उतरलेलं आतडं हलक्या हाताने वर घेतलं. पुढे मूत्राशय, मागे मलाशय. मधल्या चिंचोळ्या जागेत त्यांनी भगदाडावर जाळी बसवली आणि एकेक टाका जपून घातला. घाई नाही, आरडाओरडा नाही. भूल देणारे डॉक्टर एरवी कुणाला चांगलं म्हणत नाहीत, तेही त्या दिवशी "वा!" म्हणून गेले.

काही आठवड्यांनी ड्रायव्हर दाखवायला आली आणि लाकडी खुर्चीत ऐसपैस बसली. सर्जनबाईंनी तिला बस चालवायची परवानगी दिली. नवऱ्याला तर कौतुक आवरेना.

"काय हात आहे हो तुमचा! अशी किती ऑपरेशनं केलीत?"

"हे पहिलंच."

नवरा पांढराफटक पडला. बायकोकडे वळून म्हणाला, "तुला माहीत होतं?"

"त्यांनी आधीच सांगितलं होतं. दुसरीकडे पाठवते, असंही म्हणाल्या होत्या. पण अहो, माझ्या पहिल्या फेरीलाही बस माणसांनी भरलेलीच होती!"