ताण संपला

पान ताठ झालं होतं. द्वारकाबाईनं ते दोन बोटांत धरून पाहिलं आणि तिला बरं वाटलं. सहा दिवस ही रोपं मान टाकून पडली होती. आता कशी न्हाऊन आलेल्या पोरीसारखी तरतरीत दिसत होती.

मागून वृषाली आली, हातात बर्फाची पेटी घेऊन. आज पानं कापून पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवायची होती. ती वाफ्याशी वाकली, मातीत बोटं खुपसली. बोटं ओली निघाली तसा तिचा चेहराच उतरला.

"मावशी, पाणी कुणी सोडलं?"

"म्याच की. तुमीच म्हणाला न्हवं, ताण संपला म्हणून."

वृषाली म्हणाली होती खरी. काल संध्याकाळी जाता जाता म्हणाली होती, ताण आज संपला, उद्या पानं कापायची. तिच्या वहीत ताण संपला म्हणजे प्रयोग संपला, पानं तशीच तहानलेली कापायची. पण द्वारकाबाईची बारा वर्षं इंदापूरकडच्या डाळिंबांच्या बागांत गेलेली. बागेचं पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची, आणि मालक ताण संपला म्हणाला की त्याच सांजेला पाणी सोडायचं, मग झाड फुलतं. ताण संपूनही झाडाला तहानलेलं ठेवणारा माणूस तिनं जन्मात पाहिला नव्हता. काल तिनं ठिबकच्या कॉकला हळदकुंकूसुद्धा वाहिलं होतं.

वृषालीचं सगळं शिक्षण या पॉलिहाऊसमधल्या ताणाच्या तीन वाफ्यांवर येऊन ठेपलं होतं. लाल लेट्यूसला, म्हणजे सलाडच्या त्या पाल्याला, पाणी तोडलं की रोप स्वतःचा जीव वाचवायला पानात एक औषध साठवतं आणि तेच खाणाऱ्याच्या अंगी लागतं, असं तिला दाखवून द्यायचं होतं. अँटिऑक्सिडंट हा शब्द काही द्वारकाबाईच्या तोंडात बसला नाही, पण गोष्ट पटली. माळावर चरणारी मेंढी आणि कालव्याकाठी चरणारी मेंढी, दोघींचं दूध एक नसतं; ती डाळज गावच्या मेंढपाळाची लेक, तिला हे काय शिकवायचं.

मग पुन्हा लावू की, असं तिनं घाबरत सुचवलं. वृषालीनं नाही म्हणून मान हलवली. शिवरात्र तोंडावर आली होती. तिथून पुढं ऊन चढतं, पाला तुऱ्यावर जातो. आणि पुढच्या हंगामाला ती इथं नसणार होती. गावी बावड्याला तिच्या वडिलांनी मे महिन्यापर्यंतच मुदत दिली होती, पुढं लग्न.

तिचा प्रयोग तपासणाऱ्या सरांची जीप नऊला यायची होती. पावणेनऊ झाले होते. वृषालीनं वाफ्यावर मूठमूठ कोरडी माती भुरभुरली आणि भलतीकडेच बघत म्हणाली, "सरांना सांगू नका."

द्वारकाबाईनं मान डोलावली. सांगितलं तर तिचंही काम जाणार होतं.

सर आले. बोलायला गोड, कामाला कडक माणूस. पहिल्याच वाफ्याशी ते थबकले. ताण किती दिवसांचा, त्यांनी विचारलं. सहा दिवस, थेंबभरही पाणी नाही, वृषालीनं सांगितलं, शुद्ध भाषेत, कुठंही न अडखळता. पान फारच टवटवीत आहे, असं सर स्वतःशी म्हणाले. त्यांची एक खोड होती, यंत्राआधी जीभ. त्यांनी एक पान शेजारच्या, रोज पाणी मिळणाऱ्या वाफ्यातलं तोडलं, एक ताणाच्या वाफ्यातलं, आणि दोन्ही द्वारकाबाईपुढं धरली. ताणाचं पान कडू लागतं. यातलं कुठलं ते तिनं ओळखायचं होतं.

वृषाली बर्फाच्या पेटीचं झाकण लावत होती, उघडत होती.

द्वारकाबाईनं दोन्ही पानं चावली. दोन्ही पाणचट. कुठल्याही एका पानाकडं बोट केलं असतं तरी भागलं असतं. पण मग ही पोर उद्या लिहिणार की ताणानं काहीच होत नाही, आणि ते खोटं तिच्या नावानं छापून येणार. हे काही तिला गिळवेना.

"दोनी सारखीच हाईत, सायेब. काल म्या पाणी सोडलं. ताईंना ठावं न्हाय."

शेवटचं वाक्य खोटं होतं आणि तेच तिनं सगळ्यात ठासून सांगितलं.

सर वृषालीच्या हाताकडं बघत होते. तिच्या नखांत ओली माती होती.

आता बोलायचंच तर पुरतं बोलावं म्हणून द्वारकाबाई त्यांना तिसऱ्या वाफ्याच्या टोकाला घेऊन गेली. तिथल्या ठिबकच्या तोट्या क्षारानं बुजल्या होत्या. त्या साफ करायचं काम तिचं. तिनं महिनाभर केलं नव्हतं, आणि बोलणी बसतील म्हणून ताण लागेपर्यंत गुपचूप झारीनं पाणी घालून निभावलं होतं. काल तिनं नुसता कॉक फिरवला होता. झारी घ्यायची राहून गेली होती.

तिथली सात रोपं तहानलेलीच राहिली होती. पानं आखडलेली, कडांना गडद लाल, बुडाशी भेगाळलेली माती.

सरांनी भेगेत काडी घालून पाहिली. काडी कोरडी निघाली. त्यांनी एक पान तोडलं, अर्धं चावून तोंड वाकडं केलं आणि उरलेलं अर्धं वृषालीला दिलं. ती ते बराच वेळ चावत राहिली.

"कडू आहे?" सरांनी विचारलं.

"व्हय," वृषाली म्हणाली. तीन वर्षांत सरांपुढं तिच्या तोंडून गावचा शब्द पहिल्यांदाच निघाला होता. "आन् मला ठावं व्हतं, सर."