चौकातला उतारा

"झाडूवाल्या मावशीसुद्धा उताऱ्याच्या लिंबांना हात लावत नाहीत, म्हणून तर चौकात ढीग साठतो!" मालन तावातावानं बोलली आणि बायकांनी टाळ्या पिटल्या. वॉर्डातला कचरा कमी कसा करायचा, हे यंदा रहिवाशांनीच बैठकीत ठरवायचं होतं.

"मग उद्या सुरुवात तिथूनच," पालिकेच्या मॅडम म्हणाल्या. "उतारा उचलणार कोण?"

बायका पदर सावरत मागं सरकल्या. दुसऱ्याची पीडा अंगावर कोण घेणार?

"मी! लिंबू काय चावतंय होय?" हात वर झाला तो मालनच्याच लेकीचा, तेजूचा.

धाकट्या बारक्याचा ताप हटेना, तेव्हा परवाच मालननं त्याच्यावरून लिंबू-भात उतरवून गुपचूप चौकात ठेवला होता. ताप गेला होता. पण गेला कुठं? त्या लिंबात दबा धरून, उचलणाऱ्या हाताची वाट बघत बसला असेल.

"ती नको," मालन कशीबशी उठली. "मी उचलते. ठेवलाय मीच."

"अगं बया! मग मगाशी भाषण कोण ठोकत होतं?" मागून कुणीतरी खिदळलं. मालनला ते ऐकूच आलं नाही. तडक चौकात जाऊन तिनं लिंबू, भात, सुकलेल्या मिरच्या उघड्या हातांनी बादलीत भरल्या.

घरी साबण झिजेस्तोवर तिनं हात धुतले. बारक्या दुडुदुडु धावत आला आणि "आई, घे" म्हणत त्यानं हात पसरले.

मालननं आपले दोन्ही हात पाठीमागे लपवले.