मुक्काम नाशिक

एकतीस वर्षं निफाड तालुक्यात तलाठी राहिलेल्या गांगुर्डे भाऊसाहेबांनी सातबाऱ्यावर खोटी नोंद कधी केली नव्हती. त्यामुळे मुलीने अमेरिकेहून पाठवलेली बर्फावरच्या नाचाची डीव्हीडी घातल्यावर, 'ही डीव्हीडी फक्त अमेरिकेत चालते, आधी ड्राइव्हचा देश अमेरिका करा' असं घरातला कॉम्प्युटर म्हणाला, तेव्हा त्यांच्या अगदी जिवावर आलं. पण त्यांच्या पत्नी ललिताबाई चष्मा पुसून समोर बसल्या होत्या. भाऊसाहेबांनी देश बदलला, आणि नाच संपताक्षणी परत भारत करून टाकला.

"राहू द्या की, दुसरी डीव्हीडी येईलच," ललिताबाई म्हणाल्या.

"राहायचं नाशकात आणि लिहायचं अमेरिका? आपल्याला नाही जमणार."

दुसऱ्या डीव्हीडीच्या वेळीही त्यांनी तेच केलं. तिसरी बघून ललिताबाई टाळ्या वाजवत उठल्या. भाऊसाहेब भारत करायला गेले, तर कॉम्प्युटरने कळवलं की देश पाचदाच बदलता येतो, ते पाच झाले, आता कायमची अमेरिका.

ललिताबाई हसून हसून खालीच बसल्या. भाऊसाहेबांनी गंभीर चेहऱ्याने शेजारच्या सविताताईंना बोलावलं आणि कोरा कागद काढला.


तो कागद अजून कॉम्प्युटरवर चिकटवलेला आहे: 'सदर यंत्र आम्हा पंचांसमक्ष पाहिले असता नाशिक येथेच आढळून आले.' खाली दोन पंचांच्या सह्या आहेत. त्यातली ललिताबाईंची हसण्यामुळे जरा वाकडी आलीय.