जबड्याखालचा डाग

सहा वर्षं व्हायोलिनच्या मैफली गाजवत हिंडलेला सीताकांत १९३४च्या वैशाखात रत्नागिरीला घरी आला, तो बायकोवर खेकसतच. त्याच्या वाद्याला द्वारकेचा हात लागलेला त्याला खपत नसे. पेटीची किल्लीसुद्धा तो जानव्याला बांधून ठेवायचा.

दुपारी ती फणसाचे गरे काढत बसली होती. तिने मान वळवली आणि डाव्या जबड्याखाली त्याला काळा, राठ डाग दिसला. वर्षानुवर्षं व्हायोलिन टेकवून वादकाला पडतो, तोच.

त्याने तिचा डावा हात खेचला. चारही बोटांच्या टोकांना तारांचे घट्टे होते.

"कुणाचं वाजवतेस? खरं सांग!"

"मी कसली वाजवत्ये? शनिवारी तुमची मैफल मोडली ना? तेवढाच मानेला आराम पडला."

मैफल मोडल्याचं त्याने कुणालाच कळवलं नव्हतं.

त्याने स्वतःचा जबडा चाचपला. सकाळीच वस्तरा तिथल्या डागावर अडखळला होता. आता कातडी गुळगुळीत लागली.

"आज सहाला मैफल आहे ना?" हाताचा चीक पुसत द्वारकेने विचारलं. मग कातर घेऊन, तो मैफलीआधी कापायचा तशी, ती फक्त डाव्या हाताची नखं कापू लागली.

"तुमची राहू देत," ती म्हणाली.